काम झाले, पैशाचे काय?

आपल्या समाजात हाताला कसब असलेली माणसे फार. कोकणात आपले पूर्वज तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत, ही गोष्ट आजीने शंभरदा सांगितली असेल. पण मुंबईकडे आल्यावर आपल्यापैकी बरेच जण सुतार झाले, गवंडी झाले, आणि कोणी कोणी लहानमोठी कंत्राटेही घेऊ लागले, हे आजच्या मुलांना फारसे ठाऊक नसते. इस्रायलला आल्यावरही हे हात स्वस्थ बसले नाहीत. दिमोना, बीरशेबा, आशदोद, लोद, रामले, कुठेही जा, लादी बसवणारा, नळ जोडणारा, रंग देणारा, स्वयंपाकघराची कपाटे करून देणारा कोणी ना कोणी आपला निघतोच. इथे अशा माणसाला शिपुत्सनिक म्हणतात. जरा मोठी कामे घेणारा असेल तर काब्लान.

या मंडळींच्या तोंडून आम्ही एकच तक्रार वारंवार ऐकतो. "काम झालं हो, पण शेवटचे पैसे अडकले." गिऱ्हाईक म्हणते, लादी वाकडी बसवली. मिस्त्री म्हणतो, मुळात भिंतच वाकडी होती. गिऱ्हाईक म्हणते, ठरले होते त्यातच सगळे आले. मिस्त्री म्हणतो, ते जास्तीचे काम होते, मी बोललो होतो. दोन्हीकडची माणसे आपलीच असली, एकाच सिनेगॉगात येणारी, एकमेकांच्या लग्नात जेवलेली, की प्रकरण आणखी अवघड होते. पैसे जातात ते जातातच, शिवाय पुढच्या शब्बाथला एक जण या कोपऱ्यात बसतो आणि दुसरा त्या कोपऱ्यात. मग बायका बोलेनाशा होतात, मुलांना वाढदिवसाचे बोलावणे जात नाही. म्हणून या वेळी हाच विषय घेतला. मिस्त्रींनी वाचावा, आणि ज्यांच्या घरी मिस्त्री यायचा आहे त्या आजी-आजोबांनीही वाचावा. मराठी वाचायला जड जाते त्या नातवंडांना त्यांनी वाचून दाखवावा.

पहिली गोष्ट अशी की पैसे मागायला लाजायचे कारण नाही. तोरात वाय्यिक्रा आणि देवारीम अशा दोन ठिकाणी मजुराच्या मजुरीची आज्ञा आहे. दिवसभर राबलेल्या माणसाची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवायची नाही, सूर्य मावळायच्या आत ती त्याच्या हातात पडली पाहिजे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांकडे लागलेला आहे. आमच्या हाखामांनी बाबा मेत्सिया या ग्रंथात याचा पुष्कळ खल केला आहे. नुसता रोजंदारीचा मजूरच नव्हे, तर अंगावर काम घेणारा कारागीरही या आज्ञेत येतो असे त्यांनी धरले. वस्तू अजून कारागिराकडेच असली तर मालकाला दोष नाही. ती मालकाच्या हातात आली की मात्र त्याने पैसे देण्याची वेळ झाली. आणि त्यातच एक बारीक गोष्ट सांगितली आहे, जी आमच्या मते आपल्या मिस्त्रींनी भिंतीवर लावून ठेवण्यासारखी आहे. कारागिराने पैसे मागितले तरच न देणाऱ्याला दोष लागतो. त्याने मागितलेच नाहीत तर लागत नाही. म्हणजे "बघू, देतील कधीतरी" म्हणून गप्प बसणारा मिस्त्री आपले नुकसान करतो आणि समोरच्यालाही सैल सोडतो.

मुलांनो, त्याच ग्रंथातली एक गोष्ट तुमच्यासाठी. राब्बा बार बार हन्ना नावाचे एक पंडित होते. त्यांनी द्राक्षारसाचे पिंप वाहून न्यायला हमाल लावले. हमालांच्या हातून पिंप फुटले, द्राक्षारस सगळा वाहून गेला. पंडितांनी नुकसानीपोटी हमालांचे अंगरखे काढून घेतले. हमाल गेले राव नावाच्या मोठ्या गुरूंकडे. गुरू पंडितांना म्हणाले, त्यांचे अंगरखे परत कर. पंडितांनी विचारले, हा कायदा आहे का? गुरू म्हणाले, हो, भल्या माणसांनी याच वाटेने जायचे असते. अंगरखे परत मिळाले. तरी हमाल तिथेच उभे. म्हणाले, आम्ही गरीब, दिवसभर राबलो, उपाशी आहोत, हाती काही नाही. गुरू पंडितांना म्हणाले, त्यांची मजुरीही देऊन टाक. पंडितांनी पुन्हा तेच विचारले आणि गुरूंनी पुन्हा तेच उत्तर दिले. आता पिंप कोणी फोडले, हलगर्जी कोणाची, हा वाद घालायचा तर दोन दिवस घालता येईल. तुमच्या घरी घालून पाहा. आम्ही घातला आहे, आणि एकमत झालेले नाही.

पण मिस्त्री लोकांसाठी याहून कामाचा दुसरा एक नियम तिथेच आहे. कारागीर म्हणतो, दोन नाणी ठरली होती. मालक म्हणतो, नाही, एकच. अशा वेळी काय करायचे? हाखाम म्हणाले, जो मागतो त्याने पुरावा आणावा. पैसे दिले की नाही एवढाच वाद असता तर त्यांनी कामगाराला शपथेवर पैसे घेऊ दिले असते, कारण मालकाकडे दहा कामगार, कोणाला दिले नि कोणाचे राहिले हे तो विसरू शकतो. पण किती ठरले होते हे माणूस विसरत नाही, म्हणून तिथे शपथ चालत नाही, पुरावा लागतो. दीड हजार वर्षांहून जुना नियम आहे हा, आणि आज बीरशेबाच्या कोर्टात जाऊन बसलात तर हेच ऐकू येईल.

आता एक हकीकत सांगतो. नावगाव सांगत नाही. दक्षिणेकडच्या एका गावात आपल्याच एका मिस्त्रीने आपल्याच एका विधवा बाईंच्या न्हाणीघराचे काम घेतले. जुने फोडून नवी लादी, नवे नळ, सगळे मिळून बत्तीस हजार शेकेल, असे चहा पिताना ठरले. बाईंच्या मुलाने विचारले, कागद करायचा का? मिस्त्री म्हणाला, "मावशीकडून काय लिहून घ्यायचं?" बाई म्हणाल्या, "माझ्या बहिणीच्या मुलासारखा तू." झाले. सगळे खूश.

भिंत फोडल्यावर आत जुना नळ गंजून चाळणी झालेला. तो बदलणे भाग होते. मिस्त्री म्हणतो, मी मावशींना सांगितले की याचे चार हजार आठशे होतील, त्या "कर बाबा" म्हणाल्या. बाई म्हणतात, "तो काहीतरी नळाचं बोलला खरा, पण पैशाचं बोलला नाही." काम संपेपर्यंत पंचवीस हजार दिले गेले होते. मिस्त्रीने उरलेले सात आणि नळाचे चार हजार आठशे असे अकरा हजार आठशे मागितले. तोवर बाईंच्या लक्षात आले होते की आंघोळ केली की पाणी जाळीकडे न जाता दाराशी साचते. त्या म्हणाल्या, आधी हे नीट कर. मिस्त्री म्हणाला, आधी पैसे. तीन महिने गेले. मलिद्याच्या कार्यक्रमाला दोघे समोरासमोर आले आणि चारचौघांत नको ते बोलणे झाले.

गंमत अशी, की दोघेही खरे बोलत होते. सिनेगॉगातल्या एका वृद्ध गृहस्थांनी मनावर घेतले आणि तिसऱ्याच एका मिस्त्रीला, ज्याचा दोघांशीही संबंध नव्हता, सोबत नेले. त्याने लेव्हल लावून पाहिली, बादलीभर पाणी ओतले. चार लाद्यांचा उतार उलटा निघाला. मग पहिल्या मिस्त्रीने खिशातला फोन काढला. त्यात त्या सडक्या नळाचा फोटो होता, तारखेसकट. तो त्याने आधी कोणाला दाखवलाच नव्हता, कारण भांडणात कोणी विचारलेच नाही! शेवटी ठरले असे: मिस्त्रीने चार लाद्या आपल्या खर्चाने काढून पुन्हा बसवायच्या, बाईंनी राहिलेले सात हजार आणि नळाचे तीन हजार सहाशे दोन चेकने द्यायचे. तसे झाले. बोलणे मात्र अजून पूर्ण सुरू झालेले नाही.

यात कायदा काय म्हणतो? तोंडी ठरलेला करारही इस्रायलमध्ये करारच असतो, तो बुडत नाही. आणि नळासारख्या कामाचा दर ठरलाच नसेल तर 1973 च्या करार कायद्याप्रमाणे त्या परिस्थितीत जे योग्य असते ते द्यावे लागते. म्हणजे बाईंना नळाचे काहीच द्यायचे नव्हते असे नाही. दुसरीकडे 1974 चा कंत्राटी कामाचा स्वतंत्र कायदा आहे, त्याप्रमाणे कामात दोष सापडला तर गिऱ्हाइकाने तो वेळेत कळवायचा असतो आणि मिस्त्रीला तो दुरुस्त करायची संधी द्यायची असते. सरळ दुसरा माणूस आणून काम करून घेतले आणि बिल पहिल्याच्या तोंडावर फेकले, तर कोर्ट विचारते, त्याला बोलावले होते का? मिस्त्रीने मात्र बोलावल्यावर जायलाच हवे. "आधी पैसे, मग दुरुस्ती" हे ऐकायला बरोबर वाटते. पण तुम्हाला दुरुस्तीसाठी तीनदा बोलावले आणि तुम्ही आला नाहीत, हे समोरच्याने दाखवले की तुमची बाजू लंगडी पडते. जाऊन या, फोटो काढा, दोष असेल तर नीट करा, आणि केल्यावर त्याच दिवशी पैसे मागा.

आमच्या मते बहुतेक भांडणे काम संपल्यावर होत नाहीत. ती कामाच्या आधी, चहा पितानाच होऊन गेलेली असतात, फक्त कळतात नंतर. म्हणून कागद. वकिली भाषेचा नको, एक पान पुरे. काय काय काम करायचे, कुठली लादी, सामान कोण आणणार, एकूण किती, कधी सुरू, कधी पुरे. मा'अम धरून की सोडून, हे त्यात स्पष्ट हवेच. हा कर जानेवारी 2025 पासून 18 टक्के झाला आहे. तीस हजारांच्या कामावर तो पाच हजार चारशे होतो, ही काही लहान रक्कम नव्हे. घरगुती गिऱ्हाइकाला किंमत सांगताना ती करासकट सांगायची असा ग्राहक कायदा आहे, तेव्हा शेवटच्या दिवशी "आणि प्लस मा'अम" म्हणणारा मिस्त्री फसतो. ज्यांचा धंदा लहान आहे, वर्षाला साधारण एक लाख वीस हजारांच्या आत, आणि जे ओसेक पातूर आहेत, त्यांनी तर हा कर लावायचाच नसतो.

पैसे टप्प्याटप्प्याने घ्यावेत. सुरुवातीला थोडी मिक्दामा, म्हणजे आगाऊ रक्कम. मग फोडकाम आणि नळजोडणी झाली की एक हप्ता, लादी बसली की दुसरा, आणि अखेरीस सुमारे दहावा हिस्सा, सगळे तपासून किल्ली परत देताना. प्रत्येक टप्प्याला किती हे आधीच लिहिलेले असावे. हप्ता आला नाही तर पुढच्या टप्प्याचे काम सुरू करू नये, आणि का थांबलो हे त्याच दिवशी लिहून कळवावे. वीस हजार अडकलेल्या मिस्त्रीपेक्षा चार हजार अडकलेला मिस्त्री शांत झोपतो. शिवाय चार हजारांसाठी कोणी नाती तोडत नाही.

जास्तीचे काम, ज्याला इथे तोसाफोत म्हणतात, तिथे सर्वांत जास्त सांभाळायचे. भिंत फोडल्यावर नवे काही निघाले की हातोडा खाली ठेवा. फोटो काढा. व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहा, "मावशी, नळ सडला आहे, बदलायचे चार हजार आठशे, करू का?" आणि "हो" येईपर्यंत थांबा. मावशींना व्हॉट्सॲप येत नसेल तर त्यांच्या मुलाला पाठवा, नाहीतर कागदावर त्यांची सही घ्या. यात अविश्वास कसला? डॉक्टरसुद्धा सही घेतल्याशिवाय पोटाला सुरी लावत नाही.

चेकबद्दल थोडे. पुढच्या तारखांचे चेक घ्यायची इथे जुनी पद्धत आहे आणि ती वाईट नाही. चेक परत आला तर तो कोर्टाच्या निकालाशिवाय थेट होत्सा'आ लापो'अल, म्हणजे वसुलीच्या सरकारी कचेरीत दाखल करता येतो. चेक देणाऱ्याने मुदतीत हरकत घेतली तर प्रकरण न्यायाधीशापुढे जाते आणि तिथे तो "काम खराब होते" असे म्हणू शकतो. म्हणजे चेक हातात आहे म्हणून जिंकलोच, असे नाही. पण चेक नसण्यापेक्षा तो असलेला किती तरी बरा. ज्याचे बारा महिन्यांत दहा चेक न वटता परत येतात त्याच्या खात्यावर बँक बंधने घालते, असा 1981 चा कायदा आहे, त्यामुळे बरेच जण चेकला घाबरून असतात. तारीख आली की चेक लगेच भरा. कपाटात ठेवलेला चेक सहा महिन्यांनी बँक घेत नाही. रोख पैशाचे मात्र दिवस गेले. सहा हजार शेकेलच्या वरच्या व्यवहारात दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त रोख, आणि कितीही मोठे काम असले तरी सहा हजारांहून जास्त रोख, देता-घेता येत नाही. शिवाय "पावती नको, थोडे कमी घे" असे म्हणून केलेल्या कामाचे पैसे अडकले, तर कोर्टात कोणत्या तोंडाने जाणार?

पावतीचेही एक आहे. पैसे यायच्या आधीच कराची पावती फाडून दिली तर न आलेल्या पैशांवर कर भरायची पाळी येऊ शकते. आधी नुसते मागणीचे बिल द्यावे, ज्याला हेश्बोन इस्का म्हणतात, आणि पैसे आले की कराची पावती. आपल्या कामाला नेमके काय लागू होते ते हिशेबनिसाला एकदा विचारून घ्यावे.

एवढे सगळे करूनही पैसे आले नाहीत तर काय करू नये, ते आधी सांगतो. रागाच्या भरात बसवलेली लादी उखडायला जाऊ नका, लावलेला दरवाजा काढून आणू नका. एकदा घराला लागलेली वस्तू घराची. कपाट दुरुस्तीसाठी तुमच्या दुकानात आलेले असेल तर गोष्ट वेगळी, 1974 च्या त्याच कायद्याने पैसे मिळेपर्यंत, आणि येणे असेल तेवढ्याच रकमेसाठी, ते ठेवून घ्यायचा हक्क कारागिराला दिला आहे. धमकी द्यायची नाही, तो गुन्हा आहे. आणि फेसबुकवर "अमक्याच्या बाईने माझे पैसे खाल्ले" असे लिहायचे नाही. ते लशोन हारा तर आहेच, शिवाय बदनामीचा 1965 चा कायदा आहे. त्याखाली समोरच्याला नुकसान सिद्ध न करताही भरपाई मागता येते. येणे होते चार हजार आणि देणे झाले वीस हजार, असे होऊ शकते.

करायचे ते हे. आधी फोन, मग भेट. दोन आठवड्यांत काही झाले नाही तर पत्र, दोआर राशूम म्हणजे रजिस्टर टपालाने. पत्रात शिव्या नकोत, कहाणी नको. काम काय, ठरले किती, आले किती, राहिले किती, आणि अमुक तारखेपर्यंत मिळाले नाहीत तर कोर्टात जाईन, एवढेच. पुष्कळ गिऱ्हाइके या पत्रालाच पैसे देतात. पत्र आले की त्यांना कळते, हा माणूस विसरणार नाही.

त्यानंतर तवियोत क्तानोत, म्हणजे लहान दाव्यांचे कोर्ट. या कोर्टाची भीती बाळगू नका. इथे वकील लागत नाही, उलट परवानगीशिवाय वकील आणताच येत नाही. दाव्याची मर्यादा दर वर्षी बदलते, सध्या ती चाळीस हजार शेकेलच्या आसपास आहे. फी दाव्याच्या एक टक्का, पण पन्नास शेकेलपेक्षा कमी नाही. स्वतःच्या नावावर धंदा करणाऱ्या मिस्त्रीला इथे दावा लावता येतो. कंपनी काढलेली असेल तर कंपनीला लावता येत नाही, तिला नेहमीच्या कोर्टात जावे लागते, एवढा फरक लक्षात ठेवा. पुराव्याचे कडक नियम इथे नाहीत. व्हॉट्सॲपचे निरोप, फोटो, पत्राची पावती, सगळे छापून, तारखेप्रमाणे लावून न्या. आणि तयारी ठेवा, की समोरचाही उलट दावा लावू शकतो. आपल्या कामात खरोखर खोट असेल तर ती तिथे उघडी पडते. साधारणपणे सात वर्षांपर्यंत दावा लावता येतो, पण सात वर्षे थांबून सडक्या नळाची आठवण कोणाला राहणार आहे?

मोठ्या काब्लानच्या हाताखाली काम करणाऱ्यांचे दुखणे वेगळे. तिथे "शोतेफ प्लुस साठ" हा मंत्र चालतो. मुलांनो, शोतेफ म्हणजे चालू महिना. हा महिना संपू दे, त्यानंतर साठ दिवस, मग पैसे. पाच तारखेला काम संपवलेल्या माणसाला जवळजवळ तीन महिने थांबावे लागते, आणि सिमेंटवाला मात्र आजच मागतो. 2017 च्या कायद्याने ठरवले आहे की धंदेवाईक गिऱ्हाइकाने साधारणपणे महिना संपल्यावर पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्यायचे. वेगळे काही हवे असेल तर ते स्पष्ट लिहून ठरवलेले पाहिजे आणि अन्यायाचे नको. म्हणून सही करताना मुदतीची ओळ वाचा. तरुण पोरे ही ओळ वाचतच नाहीत.

कोर्टाच्या अलीकडेही एक दार आहे, आणि ते आपल्या लोकांना जुने ओळखीचे आहे. कोकणात नि मुंबईत भांडण झाले की जमात बसायची, मुकादम आणि चौगुले समोर असायचे, दोघांचे ऐकून निवाडा व्हायचा. इथे तेच काम वेगळ्या नावांनी चालते. बऱ्याच गावांत समाजातील तंटे मिटवणारी गिशूर केंद्रे आहेत. दोघांनी आधी सही करून मान्य केले तर एखाद्या रब्बीपुढे किंवा जाणत्या माणसापुढे लवादही नेमता येतो आणि त्याचा निर्णय बांधील असतो. नगरपालिकांच्या शील कचेरीत स्वयंसेवक फुकट सल्ला देतात, अर्ज कसा भरायचा तेही सांगतात. जिथे दोघे एकाच सिनेगॉगातले आहेत तिथे आम्ही तरी आधी हेच दार ठोठावू. मात्र जे ठरेल ते तिथेही लिहूनच घ्यावे.

आता आजी-आजोबांशी दोन शब्द, कारण बहुतेक वेळा गिऱ्हाईक तुम्हीच असता. सगळे पैसे आधी देऊ नका, कितीही गोड बोलणारा असला तरी. पण काम नीट झाले असेल तर शेवटचा चेक उशीखाली ठेवून बसूही नका. काही खटकले तर मिस्त्रीलाच आधी सांगा, शेजारणीला नंतर. आणि मिस्त्रीने कागद पुढे केला की रागावू नका, त्याने तुमचा अपमान केलेला नाही. हिब्रू वाचता येत नसेल तर नातवाला शेजारी बसवा, त्याने एकेक ओळ मोठ्याने वाचावी आणि तुम्ही मराठीत समजून घ्यावी, मग सही. नातवाच्या हिब्रूचा एवढा तरी उपयोग करून घ्या. पुढच्या अंकात आम्ही अशा एका पानाच्या कराराचा नमुना डाव्या बाजूला हिब्रू आणि उजव्या बाजूला मराठी असा छापणार आहोत. तो कापून ठेवता येईल.